तिसऱ्या खंडातली यमुना

नवापूर,
१७ नोव्हेंबर १९७४

चि. विजू हिस,

ताईचे आशीर्वाद. शेलारांच्या कादंबरीचा तिसरा खंड पोचला. पोस्टमनने पार्सल सुकटीच्या पाटीवर टेकवलं, म्हणून कव्हराला वास लागलाय. परत पाठवीन तेव्हा तुमच्या पुण्याच्या ग्रंथालयातले लोक नाक मुरडतील. मुरडोत.

चार दिवसांत संपवलं आणि आता पस्तावते आहे. पहिला खंड तू पालघरच्या कॉलेजातून आणलास तेव्हा आपण दोघींनी एकदमच वाचला होता. पुस्तक मध्ये, तू एका बाजूला, मी दुसऱ्या, आणि पान उलटायची घाई नेहमी तुला. दुसऱ्यासाठी सहा महिने थांबलो. या तिसऱ्यासाठी तीन वर्षं. तीन वर्षं मी बोईसरच्या बाजारात पाटीपुढे बसून विचार करायची, की शेलारांच्या घरी आता काय चाललं असेल, धाकट्या सुनेचं कुणाशी पटतंय, तेलाचा घाणा अजून फिरतोय का. गिऱ्हाईक दोनदा भाव विचारायचं तेव्हा मला ऐकू यायचं. एकाच पुस्तकाची गोष्ट असली, की पुस्तक मिटल्यावर माणसं जागच्या जागी थांबतात. ही तीन खंडांची माणसं मात्र आपण मिटून ठेवली तरी आत म्हातारी होत राहतात.

आधी वंशावळीचं पान काढलं. पहिल्या खंडात ते अर्धं कोरं होतं, आठवतं? या वेळी नावांना जागा पुरत नव्हती. सगळा वेळ डाव्या हाताचं एक बोट त्या पानात होतं. कोण कुणाचा नातू, कुणाचं नाव कुणाला ठेवलं. पहिल्या खंडात पटकीने गेलेल्या लहान मुलीचं नाव तिसऱ्यात एका पणतीला ठेवलंय आणि ठेवणाऱ्यांना माहीतही नाही, की ते नाव या घरात आधी होऊन गेलंय.

आणि कृष्णा. बारा वर्षांची नवरी होऊन आली आणि पहिल्याच दिवशी सासूची लोणच्याची बरणी तिच्या हातून फुटली, तुकडे तिने परसात केळीखाली पुरले. तेव्हा तू हसली होतीस, मी घाबरले होते. आता ती दात पडलेली पणजी आहे, सगळं घर तिला वचकून असतं. तिचा पणतू परसात खड्डा खणताना ते तुकडे वर येतात. तो बघतो आणि कुंपणाबाहेर फेकून देतो. एकच ओळ आहे. मी आईला मोठ्याने हाक मारली. त्या घरात चाळीस माणसं, विजू, आणि एकालाही ठाऊक नाही. फक्त कृष्णाला आणि मला.

आईला रोज संध्याकाळी थोडं थोडं वाचून दाखवत होते. बोंबील दोऱ्यांवरून काढता काढता ती विचारायची, "कृष्णा हाय का गेली?"

"आहे."

"मंग ऱ्हाऊ दे. आज पुढं नको वाचू."

तू लिहिलंस, की तिथे करमत नाही, घरचं काहीतरी लिहीत जा, शेलारांसारखं मुळापासून. बरं. आईने बाजारात बसून मला जे सांगितलंय ते सगळं लिहीन. तू तर आजी गेली तेव्हा तीन वर्षांची होतीस. तिचं नाव नवसी. आजोबांनी दुसरी बायको आणली, लाडकी, तेव्हा नवसीआजी भांडली नाही. तिने आपली चूल उचलली आणि किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या दोन होड्यांच्या मध्ये मांडली. समुद्रावरून परत येणारी माणसं आधी तिच्यापाशी थांबायची, भाकरी खायची, मग घरी जायची. आजोबांना त्या वाटेने यायची सोय राहिली नाही. नवव्या दिवशी स्वतः लाडकी आली आणि म्हणाली, "मला पन वाढ." दोघी एकत्र घरी गेल्या त्या मरेपर्यंत एका ताटात जेवल्या. आजोबांना वेगळं वाढायच्या.

पुढचं पुढच्या पत्रात. नीट जेव.

तुझी,
ताई


सरावली,
५ ऑगस्ट १९७९

चि. विजू,

आशीर्वाद. तू प्राध्यापक झालीस हे आईला सांगितलं. तिने विचारलं, "म्हनजे आता शिकायचं संपलं?" मी हो म्हटलं. तिला त्यातच आनंद झाला.

माझं ठीक. हे सकाळी कारखान्यात जातात, मग खोली माझीच. चाळीत सगळ्या नव्या बायका, कुणी जळगावची, कुणी पार गोरखपूरची. त्या मला भाभी म्हणतात आणि मी वाचताना दिसले, की "भाभी, किसकी चिट्ठी है?" असं विचारतात. पुस्तकाला त्या चिठ्ठीच समजतात. मीही दुरुस्त करत नाही.

आज एक गोष्ट लिहायची आहे. गेली पाच वर्षं तुला आजीचं, आईचं, बाबांच्या काविळीचं सगळं लिहिलं, हे माझं आहे. यांना माहीत नाही, आईला माहीत नाही.

बाळ गेलं ते तुला कळवलं होतं. बाविसाव्या दिवशी गेलं. ते गेलं तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून भात उपसत होते, हे मात्र लिहिलं नव्हतं. त्यानंतर मला परत काही नको होतं. यंदा मे महिन्यात कळलं, की परत दिवस गेलेत. मी कुंभवलीच्या पुढे पाड्यावर एका म्हातारीकडे गेले आणि मुळी आणली. तीन सकाळ उगाळून प्यायले. हे अंघोळीला गेले, की प्यायची. उलट्या झाल्या, बाकी काही झालं नाही. चौथ्या सकाळी वाटी हातात घेतली आणि मोरीत ओतली. का ओतली ते मला सांगता येणार नाही. दमले होते बहुतेक.

आता हालचाल लागते. पुस्तक पोटावर ठेवून वाचते तर आतून ढकलतं. आणि मला ते पोर हवं आहे, विजू, इतकं हवं आहे, की मी काय केलं ते आठवलं की अंगावर काटा येतो. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला बाळंत होता येणार नाही असं वाटलं, म्हणून तुला सांगितलं.

हे पत्र वाचून फाडून टाक. जाळ शक्यतो. जाळलंस की मला लिही.

तुझी,
ताई


सरावली,
२० मार्च १९८७

चि. विजू,

आशीर्वाद. तुझी कादंबरी वाचली.

मला ती वाचनालयात मिळाली. नामदेव मास्तर तिथे संध्याकाळी बसतात, ते म्हणाले, "नलूताई, तुमच्या किनाऱ्यावर कादंबरी आलीय. तीन खंडांची होणार म्हणे, हा पहिला." त्यांनी पुस्तक पुढे केलं आणि मी तुझं नाव वाचलं. मास्तरांना सांगितलं, ही माझी बहीण. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. कळवायचं तू विसरली असशील, कामं असतात.

रविवारी नवापूरला जाऊन आईला वाचून दाखवलं. शेजारच्या सात-आठ बायकाही येऊन बसल्या. पुस्तकात होड्यांच्या मधली चूल आली तेव्हा सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकजण म्हणाली, तिच्या सासऱ्याने त्या चुलीवरची भाकरी खाल्लेली. आई रागावली, "खोटं बोलतेस. तुजा सासरा तवा मुंबईला व्हता." आणि मग मला, "वाच, वाच, लाडकी कवा येते?" जणू तिला माहीतच नव्हतं. स्वतःच्या सासूची गोष्ट, पन्नासदा सांगितलेली, आणि ती श्वास धरून बसली होती. शेलारांच्या वेळी मला जे होत होतं ते तिला होताना मी पाहिलं. आपलं माणूस छापलेल्या पानावर चालत येतं तेव्हा ते पहिल्यांदाच भेटल्यासारखं वाटतं. त्या दुपारी तुझा मला फार अभिमान वाटला हे खरं आहे.

चंदू आता सात वर्षांची आहे. तिला वंशावळीचं पान आवडलं. ती त्यावर बोट ठेवून नावं वाचते आणि विचारते, "आई, आपण खाली कुठे येणार?" मी तिला सांगितलं, पुढच्या खंडात. तिला रोज एक पान वाचून दाखवते. ती माझ्यासारखी निघणार, पान उलटू देत नाही.

वाचताना कितीतरी वाक्यं मला पुढची आपोआप येत होती. "त्या मरेपर्यंत एका ताटात जेवल्या, आजोबांना वेगळं वाढायच्या." हे मी लिहिलं होतं ना? तू जपून ठेवलीस माझी पत्रं याचं बरं वाटलं. सगळी नसतील ठेवलेली, असं धरून चालते.

अर्पणपत्रिका वाचली. "या कथा मांडीवर घेऊन मला सांगणाऱ्या आजीस." तीन वर्षांच्या मुलीला तिने बऱ्याच सांगितल्या म्हणायच्या. असो. चेष्टा केली.

दुसरा खंड येईल तेव्हा एक प्रत पाठव. मास्तरांकडे रांग लागते.

तुझी,
ताई


सरावली,
९ जून १९९१

विजया,

दुसरा खंड मिळाला. प्रत तू पाठवली नाहीस, मास्तरांनीच पहिला माझा नंबर लावला.

नेहमीप्रमाणे वंशावळ काढली. नवसी, लाडकी, त्यांच्याखाली बाबा, बाबांशेजारी आई. आईच्या खाली एक रेघ आणि रेघेच्या टोकाला एक नाव, यमुना. मी पान उलटून मागे बघितलं. मला वाटलं, रेघ मागच्या बाजूला गेली असेल. असं कधी होतं का, पण बघितलं.

मग पुस्तक वाचलं. यमुना सातवीत असताना तिचे वडील काविळीने जातात. ती शाळा सोडून आईबरोबर पाटी घेऊन बोईसरला बसते. ती पाटीपुढे बसून पुस्तक वाचते, गिऱ्हाईकाला दोनदा भाव विचारावा लागतो. इथवर मी. मग एके दिवशी यमुना पाटी खाली ठेवते आणि पालघरच्या कॉलेजात जाते, तिथून पुण्याला. पाटी कुणाच्या डोक्यावर देऊन गेली ते पुस्तकात नाही. विजया, ती पाटी खाली ठेवल्यावर जमिनीवर पडून राहिली नाही. मी ती पुढे सहा वर्षं उचलली, तुझ्या कॉलेजची फी त्यातून गेली. फीचं मी कधी काढलं नव्हतं, आजही काढायचं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्यात तू लिहितेस, दोन बहिणी ठेवल्या असत्या तर गोष्ट फाकली असती. असेल. मी सातवी शिकलेली, मला तंत्र कळत नाही. शेलारांच्या घरात मात्र चाळीस माणसं होती आणि त्यांची गोष्ट फाकली नव्हती.

आईला वाचून दाखवावं लागलं. तिचे डोळे आता अधू झालेत, कान नाहीत झाले. ती सगळं नीट ऐकते. काविळीच्या प्रकरणाला तिने पदर तोंडाला लावला. नंतर म्हणाली, "ही यमुना म्हनजे विजू?"

"हो."

"पाटी तर तुजी हाय."

मी पान उलटलं.

"यात नलू कोन?"

मी म्हणाले, "मी पुढच्या भागात येते. थोरली बहीण आजोळी असते, ती परत येते."

"असं का," म्हणाली. "मंग बरं. तो भाग कवा येनार?"

तर आता आई तिसऱ्या खंडाची वाट बघते आहे. दर खेपेला विचारते. तुला कळवून ठेवते.

तुझी,
नलूताई


सरावली,
२ डिसेंबर १९९५

विजया,

आशीर्वाद लिहीत नाही, पेन चालत नाही.

तिसरा खंड माझ्याआधी चंदूने वाचला. ती आता अकरावीला आहे, पालघरला जाते. तिने कॉलेजात सगळ्यांना सांगितलं होतं, की या कादंबरीची लेखिका माझी मावशी आहे. तू दोनदा घरी आलीस तेव्हा ती तुझ्या मागेमागे फिरत होती, तुझं अक्षर गिरवायची. ग्रंथालयात नवीन पुस्तकांत ते आलं आणि बाईंनी कौतुकाने पहिलं तिलाच दिलं. दोन दिवस ती पुस्तकातून डोकं वर काढत नव्हती. मी तिच्यापुढे ताट ठेवायची आणि बाजूला बसून बघायची. मला वाटत होतं, वाचू दे, हे सुख पुन्हा त्याच वयात मिळत नाही. आपलं घराणं, तिसरा खंड, आणि पुढे काय होणार ते माहीत नाही. मी तिच्या त्या दोन दिवसांचा हेवा केला.

शनिवारी दुपारी ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी आली. पुस्तकात बोट होतं.

"आई, यमुना म्हणजे मावशी ना?"

"अर्धी."

"अर्धी म्हणजे?"

"अर्धी मी आहे. दुसऱ्या खंडाच्या वेळी तुला सांगितलं होतं."

"मग ही मुळी कुणी प्यायली?"

मी विचारलं, कसली मुळी. तिने पुस्तक उघडून ओट्यावर ठेवलं. पान मला आठवतंय, दोनशे अकरा. "हे अंघोळीला गेले, की प्यायची." "दमले होते बहुतेक." "पुस्तक पोटावर ठेवून वाचते तर आतून ढकलतं." सगळं तसंच होतं. त्या पानावर एक शब्दही तू तुझा घातला नाहीस. सोळा वर्षांपूर्वी तू मला कार्ड पाठवलं होतंस, चारच ओळींचं. "पत्र जाळलं. काळजी करू नकोस." ते कार्ड माझ्याकडे आहे.

मी चंदूला म्हणाले, "कादंबरीत काहीही लिहितात."

ती म्हणाली, "बाविसाव्या दिवशी दादा गेला हे पण लिहिलंय. ते तू कुणाला सांगत नाहीस. मलाच एकदा सांगितलं होतंस."

"चंदू."

"तीन दिवस प्यायलीस?"

मी खोटं बोलू शकले असते. तुझ्यावर ढकलू शकले असते, की मावशीची गोष्ट आहे ती. पण तिचं तोंड बघितलं. मी हो म्हणाले. चौथ्या दिवशी ओतून दिलं हेही सांगितलं.

ती म्हणाली, "ओतलं नसतंस तर?"

याचं उत्तर तुझ्या पुस्तकात नाही. मी तिचा हात धरायला गेले, तिने तो मागे घेतला. आणि तेव्हा मला दिसलं, की हे दारात उभे आहेत. शनिवारी ते लवकर येतात. त्यांच्या हातात डबा होता. त्यांनी डबा कट्ट्यावर ठेवला, चपला घातल्या आणि बाहेर गेले. सरावलीच्या नाक्यापर्यंत गेले आणि परत आले. घरात येऊन एवढंच म्हणाले, "नलू, मला का नाही सांगितलंस?" त्यांनी सतरा वर्षांत माझ्यावर हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. तुझ्या पुस्तकात यमुनेचा नवरा दारू पितो आणि मारतो, म्हणून ती मुळी पिते. कारण नसलेली गोष्ट तुला चालली नसेल. माझ्याकडे दुसरं कारण नव्हतं, मी पत्रात लिहिलं होतं ते एवढंच होतं. आता कारखान्यातले दोघेजण, ज्यांच्या बायका वाचतात, यांच्याकडे त्या नजरेने बघतात. हे आता माझ्याशी पाहुण्यासारखं बोलतात. पाणी मागताना "जरा देता का" म्हणतात.

चंदू रविवारी कपडे घेऊन नवापूरला आजीकडे गेली. तिथून बसने बोईसर, मग पालघर. रोज पहाटे निघते. मी आठवड्यातून दोनदा जाते. ती मला बसायला पाट देते. बोलते, विचारलं तेवढं. तिच्या उशाशी पुस्तक नसतं. मी विचारलं तर म्हणाली, "मी आता गोष्टी वाचत नाही." अकाउंटन्सीचं पुस्तक दाखवलं. मी तिला पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा ती पाच वर्षांची होती.

तू लिहिलंस, "कादंबरी ही कादंबरी असते, ताई. हजारो बायकांना यमुनेत आपलं दुःख दिसलं, मला पत्रं येतात." येत असतील. मी स्वतः अशी बाई आहे, जी दुसऱ्यांच्या घरातली गुपितं वाचून चार दिवस हवेत चालायची. कृष्णाची बरणी फक्त मला माहीत आहे याचा मला कोण आनंद झाला होता. कृष्णा खरी नव्हती म्हणूनच मला तो आनंद घेता आला. ती खरी असती आणि तिची नात माझ्या ओट्याशी येऊन उभी राहिली असती, तर मी ते पुस्तक हातात धरलं नसतं. तुला हा फरक पुण्यात इतकी वर्षं शिकवताना कधी जाणवला नाही?

आई विचारते आहे, तिसरा भाग आला का.

नलिनी


नवापूर,
१८ मे १९९६

विजया,

तुझं २ तारखेचं पत्र काल सरावलीहून इकडे आलं. उत्तर एकदाच देते.

प्रकाशक चौथा खंड मागताहेत ते समजलं. तू लिहितेस, की वाचकांना यमुनेच्या आईचा शेवट हवा आहे, आणि आई आता थकली असेल तर तिच्या जवळ बसून तिच्या आठवणी टिपून पाठव, "तुझ्याइतकं कुणालाच ते जमत नाही". हे वाक्य मी दोनदा वाचलं. बावीस वर्षांत तू माझं केलेलं हे पहिलं कौतुक.

आई सहा तारखेला गेली. काल बारावं झालं.

तुला तार केली नाही. आपला चुलतभाऊ देवू विचारत होता, "विजूला तार करू का?" मी म्हणाले, केली. त्याने सगळ्यांना सांगितलं, की तार केलीय, पुण्याहून यायला वेळ लागतोय. लोकांनी दुपारी चारपर्यंत वाट बघितली. मी गप्प बसले. याचं पाप माझ्याकडे राहू दे, मी ते कुणावर ढकलणार नाही आणि तुझी क्षमाही मागणार नाही.

एप्रिलच्या शेवटाला ती अंथरुणाला लागली. मी इकडेच राहायला आले. ती मला म्हणाली, "आता तरी तो भाग वाच. मी जानार." मी तुझा तिसरा खंड आणला होता. मांडीवर उघडला आणि त्यातलं एकही अक्षर न वाचता मनाने सांगायला लागले. यमुनेची थोरली बहीण आजोळहून परत येते, असं सुरू केलं. तिला पाटी दिली, बाजार दिला, चाळीतली खोली दिली, गोरखपूरची शेजारीण दिली. नवरा दिला, जसा आहे तसाच. एक बाळ दिलं आणि ते बाविसाव्या दिवशी गेलं. मग एक मुलगी. तिच्या आधीच्या तीन सकाळीही सांगितल्या. लपवल्या नाहीत. चंदू मागे दाराशी तांदूळ निवडत होती, तिला ऐकू जात होतं हे मला माहीत होतं.

असं चार दिवस चाललं. आई डोळे मिटून ऐकायची, मध्येच म्हणायची, "हां. मंग?" पाचव्या दिवशी तिने डोळे उघडले.

"पान उलट ना," म्हणाली. "कवापासनं एकच पान बघतेस."

मी पान उलटायला बोट लावलं.

"मला वाचता येत नाय. पान कदी उलटतात ते कळतं." मग तिने हात पुढे करून पुस्तक मिटलं. "तू नाय त्याच्यात. व्हय ना?"

"नाही."

"विजूनं नाय घातली."

"नाही."

चंदू तांदूळ निवडायचं सूप घेऊन आत आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बसली.

मग आई म्हणाली, "ठेव ते बाजूला. आता मी सांगते."

आणि ती बोलायला लागली. तीन दिवस बोलत होती, थांबून थांबून, पाणी पिऊन. बाबांचं, तिचं स्वतःचं, नवसीआजीचं, आणि लाडकीचं असं काही, जे बाजारात बसून तिने मला कधी सांगितलं नव्हतं, कारण ते बाजारात सांगायचं नव्हतं. मला वाटत होतं, की या घराण्याचं मला सगळं माहीत आहे. काहीही माहीत नव्हतं. चूल किनाऱ्यावर का नेली याचं खरं कारण मला या वयात कळलं, आणि तुझ्या पहिल्या खंडातला सगळा शेवट चुकीचा आहे एवढंच तुला सांगते. चंदू उठली नाही. दुसऱ्या दिवशी तिने कॉलेजचा पेपरही बुडवला. तिसऱ्या दिवशी आई दमली तेव्हा चंदूने विचारलं, "आजी, मग पुढे?" तिने मला काही विचारलेलं नाही, अजूनही विचारत नाही. काल तिच्या बाबांना म्हणाली, की ती इथेच राहणार आहे, घर बंद ठेवायचं नाही. हे म्हणाले, बरं. मी उद्या सरावलीला परत जाते.

आई काय बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. तुझ्यासारखं लिहिणं मला येत नाही, पण ऐकलेलं मी विसरत नाही हे तुला माहीत आहे. तुझे तीन खंड त्यावरच उभे आहेत. यातला एकही शब्द मी कागदावर उतरवणार नाही. सांगायचा तर चंदूला सांगेन, आणि तिने तो आधीच ऐकलाय.

चौथ्या खंडात यमुनेची आई कशी मेली, ते आता तुझं तूच ठरव.

नलिनी